वाफवलेली माती

रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून, पत्र्याची एक लांबट पेटी होती. खाली शेगडी, मध्ये पाणी, वर जाळी आणि जाळीवर माती. बाहेरून आलेली माती त्या पेटीतून गेल्याशिवाय रोपाच्या दृष्टीलाही पडायची नाही, असा तिथला दंडक होता. माती पुरेशी तापली की नाही हे ओळखण्याची रीतही तिथलीच. मातीच्या मधोमध एक बटाटा पुरायचा. बटाटा शिजला की माती झाली. मग ज्याने पेटी लावली असेल त्याने तो सोलून, मीठ लावून खायचा, आणि जवळ कुणी असेल तर त्याला अर्धा द्यायचा.

हा दंडक मोठ्या माळ्यांनी घातला, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्या वर्षी कुठूनशा आलेल्या गाळाच्या मातीबरोबर मूळकूज आली आणि तीन आठवड्यांत चाळीस हजार रोपांनी माना टाकल्या. मोठ्या माळ्यांनी ती आपल्या हातांनी उपटली, आपल्या हातांनी जाळली, आणि तेव्हापासून कच्च्या मातीवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. निवृत्त होऊन दोन वर्षं लोटली तरी ते रोज सकाळी यायचे, फाटकातल्या औषधी पाण्याच्या तबकात बूट बुडवायचे, आणि रांगांमधून असे फिरायचे की जणू रात्रभर आजारी माणसाशेजारी बसून आता ताप उतरलाय का ते बघताहेत.

त्यांच्या जागी आता त्यांचा मुलगा होता. तिशी ओलांडली तरी सगळे त्याला धाकटे माळीच म्हणत. धाकटा कामाला पक्का आणि तोंडाने मुका. "ह्यांच्याकडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदायचं," पेटी सांभाळणाऱ्या काकू म्हणत, "त्यातून दोर आखूड." धाकटा यावर हसायचा. उत्तर त्याला सुचायचं, पण ते घरी पोचल्यावर.

ही सारी रोपवाटिका ज्याच्यासाठी उभी होती तो खाणीचा उतार तिच्या खिडक्यांतून दिसायचा. खाण केव्हाच बंद पडली होती. मागे राहिला होता तो पोटातून काढून टाकलेल्या दगडमातीचा करडा डोंगर. त्याच्यावर पुन्हा रान उभं करायचं हे मोठ्या माळ्यांच्या आयुष्याचं काम. गवत लागलं, झुडपं लागली, काटेरी झाडंही लागली. लागलं नाही ते एकच, आणि रान म्हणजे मुळात तेच होतं. खाणीतले जुने लोक त्याला मुकं झाड म्हणत, कारण त्याची जाड पानं वाऱ्यातही वाजत नसत. त्याच्या सावलीत बाकीचं सगळं वाढायचं. ते नाही तर खाली काहीच नाही. रोपवाटिकेत मुक्या झाडाची रोपं उगवायची, वीतभर व्हायची, उतारावर जायची आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत जांभळी पडून मरायची. मोठे माळी वहीत कारण लिहायचे. 'पाणी कमी पडले.' 'खड्डे उथळ.' 'मी चार दिवस आजारी होतो.' पंचवीस वर्षांच्या पंचवीस वह्या, आणि प्रत्येकीत दोष स्वतःचा.

खरं कारण धाकट्याला कळून चौदा महिने झाले होते.

ते त्याला प्रयोगशाळेतल्या बाईंनी दाखवलं होतं. बाई मुळांवरच्या बुरशीचा अभ्यास करायच्या. बोलायला फटकळ, हाताने हळुवार. त्यांनी वीस कुंड्यांत वाफवलेली माती घेतली आणि वीस कुंड्यांत जुन्या राईतली कच्ची. मुक्या झाडांची एकच राई उरली होती, गाडीने अर्ध्या तासावर, एकोणीस झाडांची. वर्षभरात कच्च्या मातीतली रोपं हातभर झाली. वाफवलेल्यातली जांभळी पडली. मग बाईंनी एका हिरव्या रोपाचं मूळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "बघ."

मुळाच्या प्रत्येक टोकाला पांढरं, मऊ, घट्ट बसलेलं आवरण होतं. लहान मुलाला कुणी पायमोजे घालावेत तसं. त्यातून निघालेले तंतू मातीत दूरवर गेले होते.

"ही बुरशी मातीतून झाडाला चारते," बाई म्हणाल्या. "झाड तिला साखर देतं. दोघांचा संसार आहे म्हण. एकट्या रोपाला ह्या मातीतून काहीच घेता येत नाही. बियांत असतं तेवढं खातं आणि उपाशी मरतं."

"म्हणजे पेटी," धाकटा म्हणाला.

"पेटीत मूळकूज मरते. ही पण मरते. वाफेला काय, दोघी सारख्याच." मग त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वडिलांना सांगशील ना?"

"सांगतो."

"तू असं म्हणालास की मला कळतं, तू सांगणार नाहीस."

त्याने खरोखर सांगितलं नाही. आई गेल्यापासून घरात दोनच माणसं होती आणि दोन ताटं. रोज रात्री जेवताना तो मनात वाक्य जुळवायचा, आणि रोज वडील भाताचा घास थांबवून म्हणायचे, "यंदा खड्डे खोल घेऊ. मागच्या खेपेला तिथंच चुकलं माझं." एवढं ऐकल्यावर ते वाक्य त्याच्या घशात उतरून जायचं. पंचवीस वर्षं ज्या हाताने ती रोपं जपली त्याच हाताने ती मारली, हे म्हाताऱ्याला त्याच्यासमोर ताटावर बसून कसं सांगायचं? आपण गुपचूप माती बदलू, त्याने ठरवलं. रोपं जगतील. वडील वहीत लिहितील, 'खड्डे खोल घेतले.' कुणाचं काय बिघडणार होतं?

मग बातमी आली की राईतून रस्ता जाणार.

अर्ज झाले, बाई दोनदा कचेरीत जाऊन भांडून आल्या, आणि शेवटी रस्तेवाल्या साहेबांनी उपकार केल्यासारखी तीन दिवसांची सवड दिली. ती बुरशी बशीत वाढवायचा प्रयत्न बाईंनी दोन वर्षं केला होता. झाडाचं मूळ सोडून ती कशावरच जगत नव्हती. तेव्हा उरला एकच मार्ग. धाकट्याने एकोणिसांतल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकले आणि पालापाचोळ्याखालची काळी, मऊ माती बारीक मुळांसकट हाताने उकरली. चार गोणी भरल्या. ती माती नव्हतीच. ते विरजण होतं. प्रत्येक रोपाला मूठभर दिलं की वाढीला लागलेली चारशे रोपं उतारावर लागली असती, आणि पुढची सगळी त्यांच्या मुळांखालच्या मातीतून.

शुक्रवारी संध्याकाळी, वडील घरी गेल्याची खात्री करून, त्याने गोणी मागच्या शेडमध्ये सावलीला ठेवल्या आणि वर ओलं फडकं घातलं. गोणीवर काय लिहायचं म्हणून तो खडू हातात धरून बराच वेळ उभा होता. 'जिवंत माती, वाफवू नये' असं लिहिलं तर वडील वाचणार. वाचलं की विचारणार, का वाफवू नये? त्याने नुसती तारीख लिहिली. सोमवारी मिसळायचीच आहे, मध्ये दोनच दिवस, असं स्वतःला समजावलं.

रविवारी तो राई पडताना बघायला गेला. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलेल्या माणसाला पोचवायला कुणीतरी असावं, तसा गेला. झाडं दुपारच्या आत आडवी झाली. रस्तेवाले तेवढ्यावर थांबले नाहीत. वरची दोन हात माती यंत्राने खरवडली, खालचा पिवळा थर उघडा पाडला. खरवडलेली माती भरावाच्या तळाशी गेली, तिच्यावर मुरूम, मुरुमावर रोलर. धाकटा कुंपणापाशी उभा राहून बघत होता आणि मनात एकच गोष्ट धरून होता, ओली, काळी, चार गोणींत बांधलेली. त्या गोष्टीमुळे त्याला रडू आलं नाही.

परत येताना तो रोपवाटिकेवरून गेला. सुट्टी असूनही फाटक उघडं होतं. त्याने सवयीने तबकात बूट बुडवले. टाकीपाशी मोठे माळी उलट्या बादलीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर वर्तमानपत्राच्या कागदावर मीठ होतं.

"ये," ते म्हणाले. "वेळेवर आलास. बस."

त्यांनी बटाटा मधोमध मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. अजून गरम होता. धाकट्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याने मीठ लावलं, मोठा घास घेतला.

"पडली का झाडं?"

"पडली."

"हं." वडिलांनी आपल्या अर्ध्याला मीठ लावलं. "मी यायला हवं होतं तुझ्याबरोबर. पण म्हटलं, घरी बसून तरी काय करायचं. काकू नाहीत, तू नाहीस. मी एकट्यानंच पेटी लावली. चार खेपा झाल्या. कंबर बोलायला लागली बघ."

धाकटा चावायचा थांबला.

"कुठली माती?"

"तुझीच. शेडमधली. अशी कच्ची ठेवतात का रे? उघड्यावर, रोपांपासून वीस पावलांवर? कुणी दुसऱ्यानं ठेवली असती तर कान उपटला असता मी." ते हसले. "पण झकास माती आणलीस. असला वास मी कित्येक वर्षांत घेतला नाही. मुळं फार होती तिच्यात, ती चाळून शेगडीत घातली. आता अगदी स्वच्छ आहे."

तोंडातला घास धाकट्याला ना गिळता येईना, ना थुंकता येईना. तो उठला आणि शेडमध्ये गेला. ओलं फडकं पिळून, घडी करून खुंटीवर ठेवलेलं होतं. चारही गोणी भिंतीशी ओळीने उभ्या होत्या, तोंडं सुतळीने नीट बांधलेली, आणि प्रत्येकीवर त्याच्या तारखेखाली वडिलांचं वळणदार अक्षर: 'वाफवली. निर्धोक.' त्याने एका गोणीवर हात ठेवला. ती उबदार होती. अंगात ताप असलेल्या माणसाच्या पाठीइतकी.

"काय झालं रे?" बाहेरून हाक आली.

"काही नाही," धाकटा म्हणाला. चौदा महिने तो हेच म्हणत आला होता.

सोमवारी सकाळी तो मातीची पुरचुंडी घेऊन प्रयोगशाळेत गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बटाटा शिजला होता?"

"शिजला होता."

"नीट? आतपर्यंत?"

"मी खाल्ला, बाई."

"मग हे तपासायला कशाला आणलंस?"

"तुमच्या तोंडून ऐकायला."

बाईंनी पुरचुंडी उघडलीच नाही. "मेली आहे," त्या म्हणाल्या. "ऐकलंस." मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना एकट्याला बोल लावू नकोस. माझ्या त्या वीस कुंड्या आठवतात? प्रयोग संपल्यावर मुळं कापून स्पिरिटमध्ये घातली आणि माती वाफवून टाकली. इथलाही नियम तोच. राई अर्ध्या तासावर आहे, लागेल तेव्हा आणू, असं वाटलं. बी सांभाळलंय ना आपण, शीतकपाटात. पन्नास वर्षं टिकेल. मातीला मात्र कुणी कपाट दिलं नाही."

थोड्या वेळाने बाई सरळ झाल्या.

"उतारावर मुक्या झाडाचं एखादं तरी जगलंय का? तो पेटीचा नियम व्हायच्या आधी लावलेलं? तेव्हा कच्ची माती वापरत असणार. एक झाड असेल तरी पुरे. त्याच्या मुळाशी ती असेल."

"मला माहीत नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो."

"कुणाला माहीत असेल?"

तो उठून वडिलांकडे निघाला.

वडील मुक्या झाडांच्या रांगेपाशी उकिडवे बसून तण काढत होते. चारशे रोपं, वीतभर उंच, अजून हिरवी. धाकटा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने आधी जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. तो वेडंवाकडं, मागचं पुढे पुढचं मागे करत बोलला. पायमोज्यांसारख्या आवरणाचं सांगितलं, वीस आणि वीस कुंड्यांचं सांगितलं, पेटीचं सांगितलं, गोणींचं सांगितलं. मोठे माळी ऐकत होते आणि त्यांचे हात तण काढत होते. मग हात थांबले.

"म्हणजे पाणी कमी पडलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"खड्डेही..."

"खड्डे बरोबर होते, बाबा. तुमचं सगळं बरोबर होतं."

"सगळं कसं बरोबर?" म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"चौदा महिने."

"चौदा महिने रोज माझ्यासमोर जेवलास."

"हो."

"मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाहीस?"

"हो."

"आणि आता?"

धाकट्याने मान खाली घातली. पलीकडे काकू शेगडीतली राख काढत होत्या. खरवडण्याचा आवाज तेवढा येत होता.

"एक शब्द गोणीवर लिहायचा होतास," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो सोसवेना. "मी वाचतो रे. भिंतीवरची पाटीसुद्धा वाचून पुढं जाणारा माणूस मी."

"बाबा, नियमाच्या आधी तुम्ही उतारावर ही झाडं लावली होती का?"

"लावली होती. पहिल्याच वर्षी. बावीस लागली."

धाकट्याने एकदम वर पाहिलं. "कुठं आहेत?"

वडील त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर काय उगवलंय ते त्यांना दिसलं, आणि ते खुडायची पाळी आपल्यावर आलीय हेही.

"मूळकूज आली तेव्हा रोग डोंगरावर चढेल म्हणून मी ती उपटली. सगळ्यांत शेवटी ती घेतली. चांगली गुडघ्याएवढी झाली होती. त्यांना रोग नव्हता. पण म्हटलं, जोखीम नको." त्यांनी हातातलं तण खाली ठेवलं. "मुळंसुद्धा ठेवली नाहीत. खड्ड्यात चुना ओतला."

मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि ते घाईने पुढे झुकले. "तुझे बूट. राईत गेलेले. तळव्याच्या खाचांत अडकली असेल ना माती? चिमूटभर तरी?"

धाकट्याने पाय उचलून बुटाचा तळवा दाखवला. तो धुतलेल्या ताटासारखा लख्ख होता.

"फाटकातल्या तबकात बुडवले," तो म्हणाला. "शुक्रवारी एकदा. काल एकदा. आज एकदा."

"विसरला नाहीस."

"नाही."

"चांगली सवय लावली मी तुला," मोठे माळी म्हणाले, आणि हसायला गेले. पण ते हसू वाटेतच मोडलं. त्यांनी मातीने भरलेली बोटं तोंडावर धरली आणि त्यांचे खांदे हलू लागले. वडिलांना रडताना धाकट्याने आजवर एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. जवळ सरकावं, खांद्यावर हात ठेवावा, असं त्याला फार वाटलं. तो सरकला. हात मात्र मधल्या रोपांवरून न्यावा लागणार होता आणि एखादं मोडेल म्हणून तो अर्ध्यात थबकला. मग वडिलांनीच तो धरला.

काकू राखेची पाटी घेऊन आल्या, दोघांना तसं पाहून काही न विचारता माघारी वळल्या.

पुष्कळ वेळाने मोठ्या माळ्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि समोरच्या रांगेकडे पाहिलं. एका रोपाचं खालचं पान त्यांनी बोटावर उचलून धरलं. कडेला, नीट पाहिलं तरच दिसावी अशी, जांभळी रेघ आली होती.

"ह्यांना किती दिवस?"

"बियांतलं संपेपर्यंत. वाफवलेल्या मातीत थोडंफार असतं. तीन महिने. फार तर चार."

"उतारावर न्यायची?"

"नेऊन काय करायचं, बाबा."

"हं."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. उठायला वेळ लागला. झारी टाकीपाशी होती. तिथवर गेले, भरली, वजनाने एका बाजूला कलत परत आले आणि रांगेच्या पहिल्या रोपापाशी वाकले.

"बाबा, असू द्या ना. उपयोग नाही."

"उपाशी आहेत ती," मोठे माळी म्हणाले. "तहानलेली कशाला ठेवायची?"

झारीच्या तोंडातून बारीक धार सुटली. ते एकेका रोपाशी तेवढाच वेळ थांबत होते जेवढा पंचवीस वर्षं थांबत आले होते, पानं ओली न करता, नेमकं बुंध्याशी. धाकटा थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग उठला, दुसरी झारी भरली, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.